धांदल, चष्मेवाला आणि त्यांच्या गोळ्या

माझ्या नणंदेला घरात सगळे धांदल म्हणायचे. सकाळी तिच्या हातात काही टिकायचंच नाही. चहाचा कप उचलला की हात असा उडायचा, की चहा थेट सासऱ्यांच्या शर्टावर. एकदा टूथब्रश खिडकीतून खाली गेला आणि खालच्या काकूंच्या कुंडीत रोपासारखा उभा राहिला. दुपारी मात्र तोच हात इतका स्थिर, की केकवर क्रीमचे गुलाब काढावेत तर तिनेच. बेकरीत ती तेच काम करायची. "हिच्याआधी हिचे हात जागे होतात," असं सासूबाई म्हणायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो. हा आजार असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मग एका मोठ्या केकपायी तिची अख्खी रात्र जागरणात गेली. सकाळी मी डबा घेऊन बेकरीत गेले, तर ही क्रीमची पिशवी घेऊन उभी आणि हात धडाधड उडतायत. क्रीम छतावर, पंख्यावर, मालकांच्या टकलावर!

"अगं, केक खाली आहे!" मालक ओरडले.

आम्ही हसतोय तोच तिच्या तोंडून चमत्कारिक आवाज आला, अंग ताठ झालं आणि ती धाडकन पडली. हातपाय झटके देऊ लागले. मालक लाकडी चमचा घेऊन धावले. "दातखीळ बसलीय, तोंडात घाला!"

"चमचा ठेवा बाजूला, तोंडात काही घालायचं नाही!" मी अशी कडाडले की मालक चमच्यासकट भिंतीला चिकटले. मी तरणतलावावर पोहायला शिकवते, त्यामुळे प्रथमोपचार शिकलेली. तिच्या डोक्याखाली एप्रन सारला, आजूबाजूचे डबे हटवले, घड्याळावर नजर ठेवली. झटके थांबल्यावर तिला कुशीवर वळवलं. शुद्धीवर येताच तिने विचारलं, "वहिनी, केक वाचला ना?"

जवळच्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिनच्या गोळ्या दिल्या. त्या सुरू झाल्या आणि हात थांबायचे सोडून आणखीच उडायला लागले. नाश्त्याला आम्ही तिच्यापासून हातभर लांब बसू लागलो. शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी हातातून वस्तू उडतात का?"

सासूबाई पदराशी चाळा करू लागल्या. सासरे छताकडे बघत पुटपुटले, "आम्ही तिला धांदल म्हणतो."

ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढल्यावर बाईंनी छान समजावलं. सकाळचे ते उडणारे हात म्हणजेही फिटच, मायोक्लोनिक नावाची. बेकरीत आली ती मोठी, सगळ्या अंगाची फिट. आजार एकच, बहुतेक वेळा वयात येताना सुरू होणारा, आणि जागरण म्हणजे त्याला आमंत्रणच. मेंदूच्या एका कोपऱ्यातून सुरू होणाऱ्या फिटांवर कार्बामाझेपिन उत्तम, पण या प्रकारात ती आगीत तेल ओतू शकते. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध लागू पडलं असतं, पण पुढे मूल हवं असेल तर पोटातल्या बाळाला त्याचा धोका. म्हणून लेव्हेटिरासिटाम. "यानं कधीकधी चिडचिड होते. झाली तर लगेच सांगा."

झाली ना! दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागणारी आमची धांदल मालकांना म्हणाली, "सकाळची पाळी मला जमणार नाही. आणि टकलावर ते क्रीम शोभून दिसत होतं, उगाच पुसलंत!" मालक इतके हबकले की दुपारची पाळी देऊन मोकळे झाले. बाईंनी डोस बदलला, राग गेला. दुपारची पाळी मात्र राहिली. हातही शांत झाले.

पुढच्या तपासणीला आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारचा तरुण अचानक तिच्याकडे वळला. "आपण आधी भेटलोय. इथेच, याच बाकावर. तुम्ही हाच पिवळा स्वेटर घातला होता."

"असं सगळ्यांनाच म्हणता वाटतं?" ती फणकारली.

त्याची नजर कुठेतरी अडकली, ओठ मचमच करू लागले, बोटं शर्टाच्या बटणाशी खेळू लागली. ही फिटच, हे धांदलीने ओळखलं. ती त्याच्याशी हळूहळू बोलत राहिली, "काही नाही, इथेच आहात, बसून राहा." थोड्या वेळाने तो भानावर आला.

"काय म्हणत होतो मी?"

"आपण आधी भेटलोय म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला. "माझी फिट अशीच सुरू होते हो. पोटातून झोपाळा वर जातो आणि सगळं आधी घडून गेल्यासारखं वाटतं. हे मी पोस्टमनलाही म्हणालोय. एकदा एका बकरीलासुद्धा."

धांदल जी हसत सुटली, ती नाव पुकारलं तरी थांबेना. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. काल त्याची गोळी चुकली होती.

"कुठली घेता?"

"कार्बामाझेपिन."

"ई! ती तर माझी दुश्मन!"

"काय बोलता! तिनेच मला माणसात आणलंय."

मग दोघं एका गोळीवरून असे भांडले, की त्यांचं जमणार हे मला तिथेच कळलं. वर्ष सरायच्या आत लग्न ठरलं. मुहूर्त संध्याकाळचा, कारण नवरीची झोप मोडायची नाही! सासूबाईंनी खोलीबाहेर खुर्ची टाकली आणि मेंदीवालीलाही पिटाळून लावलं. केक धांदलीनेच सजवला, दुपारी, निवांत.

मूल हवं म्हटल्यावर दोघं आधी बाईंना भेटले, गोळ्या बंद न करता सगळं नीट ठरवलं. मुलगी झाली, गुटगुटीत. पण पोरगी दिवसा घोरते आणि रात्री जागते! आईला जागरण चालत नाही, बापालाही नाही. म्हणून बाळंतपणापासून दोघं आमच्याकडेच आहेत आणि आम्ही पाळ्या लावल्यात. सासऱ्यांची पाळी असली की ते बाटली पाजता पाजता इतकं बेसूर गातात, की बाळ गाढ झोपतं आणि उरलेलं घर टक्क जागं होतं. धांदल मात्र कानात कापसाचे बोळे घालून खुशाल झोपलेली असते.