वाचकांचा कौल

संपाला दुसरं वर्ष लागलं आणि बाबांनी घरात गिरणीचं नाव काढणं सोडलं. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते तयार व्हायचे, आणि मग जायला कुठेच नसायचं.

त्यांच्याच गिरणीतले एक दोस्त कांदिवलीत आमच्या शेजारच्या चाळीत राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका नगरकडचे, साच्यावर म्हणजे मागावर काम केलेले. बोरिवलीच्या एका थिएटरात त्यांच्या गावचा माणूस दारावर होता. मॅटिनीला निम्म्या खुर्च्या रिकाम्याच, म्हणून तो या दोघांना आत सोडायचा. नवा असो, जुना असो, जो लागेल तो सिनेमा ते बघायचे आणि संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसून त्यावर भांडायचे.

बाबा फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड डोळ्यांखालून सरकत जायचं आणि ते त्यातला डाग, तुटका धागा, विरळ पडलेली वीण पकडायचे. सिनेमाही ते तसाच तपासायचे. काकांचं वेगळं. त्यांना रडू आलं की सिनेमा चांगला.

मी तेव्हा अंधेरीला एका सिनेसाप्ताहिकात टायपिस्ट म्हणून लागले होते. साप्ताहिक दरवर्षी एक फॉर्म छापायचं. सर्वोत्कृष्ट चित्रपट, नट, नटी, कथा, अशी नावं आणि पुढे रिकामी जागा. वाचकांनी तो भरून पाठवायचा, मतं मोजली जाणार आणि विजेत्यांना समारंभात बक्षीस. ऑफिसातून मला एकच अंक मिळायचा. म्हणजे फॉर्म एक, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय तो भरता येईना.

त्या वर्षी ते तीन आठवडे भांडले. काकांना एका अंध आईचा सिनेमा हवा होता. बाबांना विहिरीवरून वैर धरलेल्या दोन भावांचा. तो चार दिवसांत उतरला होता.

"तू रडलास म्हणून पिक्चर चांगला? तू कांदा कापतानापण रडतोस."

"आरं, पण थेटरात समदी रडली!"

"रडू दे. आईचे डोळे गेले कधी, सांग. पहिल्या गाण्यात सुईत दोरा ओवते ना ती?"

काका चप्पल घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्यानं भांडायला आले. शेवटी भावांचा सिनेमा ठरला आणि बदल्यात नटीचं बक्षीस त्या आईला द्यायचं कबूल झालं. बाबांनी शाईच्या पेनानं फॉर्म भरला. कारणं लिहायला जागा नव्हती, म्हणून वहीचं एक पान जोडलं.

"द्या, मी उद्या टेबलावर ठेवते," मी म्हटलं.

"वशिलो नको," बाबा म्हणाले. "पोस्टान जाऊंदे."

त्यांनी स्वतः जाऊन पाकीट पेटीत टाकलं.

ऑफिसात अशी पाकिटं पोत्यांनी यायची. जिन्याखाली ती पोती रचलेली असत. मोजणीचं काम मलाही लागेल, म्हणून मी एकदा उपसंपादकांना विचारलं, "फॉर्म कधी मोजायचे?"

त्यांनी प्रुफावरून मान वर केली. ते काही वाईट माणूस नव्हते. "कसले मोजायचे? यादी केव्हाच झालीय. जाहिराती कोण देतं, त्यावर ठरते. पोती रद्दीवाला नेतो."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी जिन्याखाली गेले. बाबांचं अक्षर मला लांबून ओळखू येतं. तिसऱ्या पोत्यात पाकीट सापडलं. फोडलेलं नव्हतं. मी ते फोडून वाचलं. बाबांनी लिहिलं होतं, 'या चित्रपटात कुठेही जोड दिसत नाही. धाकटा भाऊ रडत नाही, फक्त पोहरा जागेवर ठेवतो. असे काम करणे कठीण असते. परीक्षकांनी पुन्हा एकदा पाहावा ही विनंती.' खाली दोघांच्या सह्या होत्या. मी पान घडी करून पाकिटात घातलं आणि पाकीट पुन्हा पोत्यात ठेवलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

निकाल छापून आला. त्यात भावांचा सिनेमा नव्हता आणि ती आईही नव्हती. गॅलरीत काका हिशेब मांडत होते, आपल्यासारखी आणखी किती मतं पडली असती तर जमलं असतं.

"पुढल्या साली चाळीतल्या समद्यांकडनं भरून घिऊ," ते म्हणाले.

काका गेल्यावर मी बाबांना पोत्यांचं सांगितलं. पाकीट मी वाचलं, ते मात्र सांगितलं नाही. बाबांनी कठड्यावरून काकांच्या चाळीकडे बघितलं. मला वाटलं, चिडतील. मग आत येत हळूच म्हणाले, "त्याका सांगू नको हां."

पुढच्या वर्षी मी अंक आणला. काका आधीच येऊन बसलेले. त्यांनी एक नाव घेतलं. मला तो सिनेमा माहीत होता, शिवणच शिवण दिसेल असा. बाबा म्हणाले, "चालेल. लिही."

"आन् नट?"

"तू म्हणशील तो."

दहा मिनिटांत फॉर्म भरून झाला. काका तो हातात धरून बसले. "आरं, भांड की मर्दा," ते म्हणाले. "आसं जिंकल्यासारखं वाटंना."

"तुझं बरोबर आहे रे, भांडू कशाला?" बाबा म्हणाले, आणि चहा सांगायला आत आले. आत आल्यावर ते आईला चहाचं सांगायचं विसरले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर काकांचं येणं कमी झालं. गिरणी उघडली नाही. पावसाळ्याआधी ते बायकामुलांना घेऊन गावी गेले, आणि जाताना खोली विकून गेले. एक पत्र आलं. बाबांनी उत्तर लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं का, मला माहीत नाही.

बाबांची मॅटिनीही बंद झाली. रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर सिनेमा लागायचा, तो बघायला बाबा जाऊन बसायचे. परत आले की आई विचारायची, "कसो होतो?"

"बरो होतो," बाबा म्हणायचे, आणि पाट ओढून जेवायला बसायचे.