न घेतलेलं नाव

शेवटच्या दुपारी मी बायकोच्या पायाची नखं कापत होतो. "हळू, बोट ठेवा माझं," ती म्हणाली. संध्याकाळी ती गेली.

घरात बसून वेड लागेल म्हणून मुलगी मला तिच्याकडे नैरोबीला घेऊन गेली. तिथून मसाई लोकांच्या वस्तीवर. शेणानं लिंपलेली घरं, दारात गाई. माझ्याच वयाचा एक म्हातारा शेजारी बसला. त्याचीही बायको गेलेली. मी तिचं नाव विचारलं, तर मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, इथं गेलेल्याचं नाव घेत नाहीत."

म्हाताऱ्यानं तिच्याकरवी मला विचारलं, "तू काय हाक मारायचास?"

"अगं म्हणायचो. आमच्या घरात नवरा नाव घेत नाही."

तो हसला. "मग तुझं सोपं आहे."

सोपं कसलं! त्यानं बायको जिवंत असताना तरी तिचं नाव घेतलं होतं. मी लग्नात एकदा घेतलं, तेही बायकांनी अडवलं म्हणून. एवढा संसार केला आणि तिला तिच्या नावानं एक हाक दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्याबरोबर माळावर फिरायला निघालो. त्या लोकांच्या कानावर जाऊ नये म्हणून मुद्दाम मागं राहिलो आणि हाक मारली, "शालन!"

चरणाऱ्या गाईंनी माना वर केल्या, पुन्हा खाली घातल्या.