मिस अर्लीनची वेणी

मिस अर्लीनना कौतुकाची किळस यायची. तोंडदेखल्याच नव्हे, मनापासूनच्या कौतुकाचीसुद्धा. प्रदर्शनात कुणी त्यांच्या कामासमोर उभं राहून, छातीवर हात ठेवून ‘पॉवरफुल!’ म्हणालं, की नासलेल्या दुधाचा वास यावा तसं त्यांचं नाक आक्रसायचं. “पॉवरफुल व्हॅक्यूम क्लीनर असतो,” मला कोपराने ढोसून त्या पुटपुटायच्या. “काय दिसलं ते सांग म्हणावं. डोळे आहेत ना?”

कोलंबस शहरातल्या एका कलाकेंद्रात त्या शनिवारी शिवणाचा वर्ग घ्यायच्या. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर डब्लिन या तिथल्याच उपनगरात नवीन आले होते. नोकरीची परवानगी नाही, घर खायला उठलेलं, म्हणून गेले. पाहते तर एक उंच, काळी, सत्तरी गाठलेली बाई कापडावर माणसांचे केस टाचत बसलेली. बहिणीच्या सलूनमधून झाडून आणलेले. कुरळे, रंगवलेले, सरळ करताना करपलेले. जेवणात केस निघाला तर ताट सरकवणाऱ्या घरातली मी. त्यांनी माझा वाकडा झालेला चेहरा पाहिला आणि खूश झाल्या. “बरं झालं. तुला काहीतरी वाटलं तरी.”

वर्गात सगळे त्यांना ‘मिस’ लावूनच हाक मारत, आपण काकू म्हणतो तसं. लहानपणी ‘डोकं नीट करून ये’ म्हणून शाळेने त्यांना घरी पाठवलं होतं. “ज्या केसांची त्यांना घाण वाटली, ते मी त्यांच्या भिंतीवर टांगते,” असं त्या सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या नाहीत.

एकदा त्यांनी माझ्यासमोर एक पाकीट टाकलं. आत लांब, काळेभोर, सरळ केस. वर फक्त ‘इंडियन’ असं छापलेलं. काळ्या बायका ते विकत घेऊन आपल्या केसांत गुंफून घेतात. त्यांनी स्वतःही कित्येक वर्षं घेतले होते.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

मला काय माहीत? देवाला केस वाहतात, कुणी गरिबीपायी विकतात, एवढं सांगितलं. मग का कोण जाणे, पणजीचं सांगितलं. नवरा गेल्यावर न्हाव्याला बोलावून तिचं डोकं भादरलं होतं.

“तिला कुणी विचारलं होतं?”

“नाही.”

“मग हिलाही नसेल विचारलं.” पाकिटाकडे पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. “आणि ही बाई मी डोक्यावर मिरवली. शी!” हा ‘शी’ त्या माझ्याकडूनच शिकल्या होत्या.

त्यातून ती वेणी झाली. पाकिटातले केस आणि सलूनमधले केस एकत्र गुंफलेली, केंद्राच्या हॉलच्या छतापासून जमिनीपर्यंत, झाडाच्या बुंध्याएवढी. पेड घालायला मी होते. कामाचं नाव त्यांनी ठेवलं, ‘ही कोण?’

त्याच हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं जेवण ठरलं. आदल्या दिवशी देशमुख काका जागा पाहायला आले. हृदयाचे निवृत्त डॉक्टर, मंडळातले सर्वांत जुने. वेणीपाशी थबकले. “अगं, जेवायच्या जागी केस? आणि तेही ह्यांचे?”

“काका, निम्मे आपल्याकडचे आहेत.”

ते आणखी एक पाऊल मागे सरकले. “मग तर कोणाकोणाचे असतील, काय सांगावं!”

मिस अर्लीन बाजूलाच होत्या. काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. मी शब्दही न गाळता इंग्रजीत सांगितलं. काका माझ्यावर डोळे वटारून उभे. मिस अर्लीन त्यांना म्हणाल्या, “डॉक्टर, मीही तेच विचारतेय. फरक एवढाच, की मला उत्तर हवंय.”

काका केंद्राच्या मॅनेजरशी बोलले. भाड्याने हॉल घेणारी मंडळी दुखवायची कशी? वेणी पांढऱ्या चादरीने झाकण्यात आली.

दिवाळीच्या दिवशी मिस अर्लीन आपला ठेवणीतला हिरवा कोट घालून आल्या आणि चादरीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. कुणीतरी त्यांच्यापुढे ताट आणलं. त्यांनी मान हलवली. पंगत उठली, बेसिनपाशी रांग लागली. रांगेतल्या एका बाईने इकडेतिकडे पाहून चादरीला बोटं पुसली. मग आणखी कुणी. मग देशमुख काका. कुणाला तरी मुलाच्या नव्या घराचं वर्णन करता करता त्यांनी हात मागे नेला आणि बटाट्याच्या भाजीची पिवळी बोटं नीट, एकेक करून पुसली. मी ओरडणार, तोच मिस अर्लीननी माझं मनगट धरलं.

“बस खाली. ते माझंच काम करतायत.”

सगळे गेल्यावर त्यांनी ती चादर उतरवली आणि न धुता, घडी घालून घरी नेली.

पुढच्या वसंतात शिकागोला त्यांचं प्रदर्शन लागलं. वेणी होती, आणि शेजारी ती चादर, हळदीच्या डागांसकट. लोक छातीवर हात ठेवून ‘पॉवरफुल’ म्हणत होते. मिस अर्लीन तोवर फार थकल्या होत्या, काठी टेकत मला म्हणाल्या, “मला इथून बाहेर काढ. काहीतरी तिखट खायला घाल.” मी त्यांना आपल्याकडच्या हॉटेलांनी भरलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूला नेलं. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी प्लेट संपवली. “हे चांगलं आहे,” म्हणाल्या. इतकं सरळ कौतुक मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कशाचं ऐकलं नाही. आमची तीच शेवटची भेट. पानगळ सुरू झाली तेव्हा त्या गेल्या.

त्यानंतर एका संग्रहालयाने वेणी आणि चादर दोन्ही घेतली. मंडळाच्या ग्रुपवर फोटो फिरला आणि देशमुख काकांचा फोन आला. आवाजात नुसता अभिमान.

“अगं, ती आपल्याच हॉलमधली वेणी ना? वाचलं मी सगळं. पण आपल्या मंडळाचं नाव कुठे दिसलं नाही. सौजन्य म्हणून तरी टाकायला हवं होतं त्यांनी.”

“आहे ना, काका. त्या चादरीवर तुमची पाचही बोटं आहेत.”

मला वाटलं, आता लाजतील.

“कुठली चादर गं?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.