मंत्र लागण्याचा नियम

आमच्या सिस्टरला कुणी नावाने हाक मारत नाही. एकतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, त्यामुळे गल्लीत कुणाचा गुडघा फुटो की कुणाची पाठ धरो, सगळे तिच्याच दारात. रविवारी दुपारी मात्र ती माझ्या शिवणाच्या दुकानात येते आणि आमच्यावर राक्षस सोडते.

हसू नका. हा खेळ तिच्या भाच्याने आणला. चाळिशीचा बाप्या, कॉलेजच्या लायब्ररीत कारकून, पण डोक्यात नुसत्या गुहा आणि जादूगार. खेळ असा, की प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, आणि फासे सांगतील तसं जगायचं नाहीतर मरायचं. गोष्ट सांगते सिस्टर. भाचा वैद्य, म्हणजे मंत्राने बरं करणारा. शेजारचे चित्रकलेचे मास्तर चोर, आणि मी योद्धा. माझी जीभ बघूनच ते काम दिलं म्हणे. कापड बेतायच्या टेबलावर माझ्याच खडूने गुहा काढायची. जुनी बटणं म्हणजे राक्षस, माझा योद्धा म्हणजे शिवताना बोटात घालायचं माझं अंगुस्तान.

खेळाच्या पुस्तकात लिहिलं होतं, एक रात्र झोपलं की सगळ्या जखमा बऱ्या. सिस्टरने ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. एका झोपेत? मग मी एकतीस वर्षं काय माशा मारत होते, असं तिने भाच्याला सुनावलं. तेव्हापासून आमच्याकडे तिचे नियम, एका वहीत लिहिलेले. प्रत्येकाला वीस जीव, म्हणजे ताकदीचे गुण; रक्त वाहत राहिलं की एकेक जातो, सगळे गेले की मेलं. मंत्राने रक्त थांबतं, पण गेलेले जीव त्याने परत येत नाहीत. गुमान पडून राहिलं तर दिवसाला दोन भरून येतात. आणि सगळ्यांत मोठा नियम, जखमी माणसाने स्वतःच्या तोंडाने 'दुखतंय' म्हणायला हवं. नाहीतर मंत्र लागत नाही. दुसऱ्याने विचारायचंही नाही, कारण विचारलं की माणूस 'काही नाही' म्हणतो आणि मग त्यालाच चिकटून बसतो.

माझा पहिला योद्धा ह्याच नियमाने गेला. पोटात बाण घेऊन मी तीन गुहा चालले, तोंड म्हणून उघडलं नाही. योद्ध्याने काय कण्हत बसायचं? चौथ्या गुहेत सिस्टर शांतपणे म्हणाली, संपलीस. मी जाम फणकारले, वैद्याला काय डोळे नाहीत का! तेव्हा तिने सांगितलं, वॉर्डात तिच्या हातून निसटलेले पेशंट बरेचसे असेच होते. सिस्टरला कशाला त्रास, म्हणून गप्प पडून राहिलेले. ते सांगताना ती फासे नुसतेच हातात घोळवत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

गेल्या महिन्यात तिला नवा युनिफॉर्म शिवायचा होता. उजव्या मुंढ्याचं माप घ्यायला मी काखेतून टेप फिरवायला गेले, तर तिने दंड अंगाशी घट्ट धरला. तिथलं अंदाजाने घे म्हणाली, आणि जरा सैलच ठेव. वीस वर्षं हिचे कपडे शिवतेय मी. ही बाई सैल कपड्यांना नावं ठेवणारी.

मग मी काय केलं? काही नाही. तीन रविवार वाट बघत बसले, की ही आपल्या तोंडाने बोलेल. नंतर कळलं, मावशीचा हात सारखा काखेकडे जातो हे भाच्यालाही दिसलं होतं. ती राक्षसांची पाळीच विसरते, हे मास्तरांनीही हेरलं होतं. तिघंही तिचा नियम पाळत गप्प. इतके आम्ही शहाणे.

चौथ्या रविवारी मास्तरांचा चोर खड्ड्यात पडला आणि माझी पाळी आली. मी अंगुस्तान उचलून टेबलावरून काढून घेतलं.

"माझी पाळी सोडली," मी म्हटलं. "आणि तुझा नियमही मोडतेय. काखेत काय आहे?"

"काही नाही," ती पटकन म्हणाली. मग स्वतःचाच शब्द ऐकून थांबली. खडूची एक रेघ बोटाने पुसली.

"गाठ आहे," ती म्हणाली. "दुखत नाही गं, तीच तर पंचाईत आहे. दुखली असती तर मी एवढी घाबरले नसते."

मला आधी तिचा संताप आला आणि मग रडू आलं. भाचा खुर्ची ओढून तिच्याजवळ जाऊन बसला. मास्तरांनी नियमांची वही पुढ्यात घेतली आणि आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'भीती वाटते म्हटलं तरी मंत्र लागेल.' तिला ते वाचून दाखवलं.

सोमवारी मी दुकान उघडलं नाही. तिच्याच हॉस्पिटलात ती पहिल्यांदा पेशंटच्या बाकावर बसली, तेही अगदी कडेला, कुणाची जागा अडवल्यासारखी. आत तरुण डॉक्टरबाई होत्या. नव्या असताना टाके घालायला त्या घाबरायच्या, तेव्हा हिनेच धीर दिलेला. त्या उठूनच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही? काय झालं?"

"काही नाही गं, सहज..." हिने सुरू केलं. मी तिच्याकडे बघितलं.

"भीती वाटतेय," ती म्हणाली, आणि उजवा हात वर केला.