रक्त परतल्यावर

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात इतका स्थिर की पट्टी न लावता सरळ रेघ मारी, आणि तोंड असं की शिडीवरून उतरेपर्यंत चारचौघांची फिरकी घेऊन झालेली असे. हृदयाचे ठोके मात्र वेडेवाकडे पडत. त्यामुळे गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून त्याने त्या परस्पर बंद केल्या. बायकोला पत्ताच नव्हता.

एका सकाळी तो पोट धरून स्वयंपाकघरात खालीच बसला. तिने पोट चाचपलं, तर मऊ.

"कुठे दुखतंय?"

"सगळीकडे. हात लाव, नाहीतर लावू नको, सारखंच."

दवाखान्यात गॅसची गोळी मिळाली. दुपारी तो पांढराफटक पडला, तेव्हा कुठे मोठ्या रुग्णालयात स्कॅन झालं. आतड्याला रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकली होती. गोळ्या बंद केल्याचं बायकोला तेव्हाच कळलं.

ऑपरेशननंतर सर्जनबाई म्हणाल्या, "गुठळी काढली. मेलेला भाग कापला. उरलेलं आतडं डोळ्यांदेखत गुलाबी झालं."

पेंटरला शुद्ध आल्यावर बायकोने तेच सांगितलं. तो पुटपुटला, "गुलाबी? मला विचारायचं तरी!"

ती कितीतरी वेळाने हसली.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, लघवी आटली, धाप लागली. त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

"आता तर रक्त नीट चाललंय ना?" तिने विचारलं.

"तिथूनच हे सुरू झालं," सर्जनबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "उपाशी पडलेल्या आतड्यात रक्त परतलं की तिथल्या पेशी धोक्याची वर्दी देणारे रेणू सोडतात. सायटोकाइन म्हणतात त्यांना. बेताचे असले तर जखम भरायला मदत करतात. भरमसाट झाले की रक्तातून अंगभर जातात आणि धडधाकट फुप्फुसंही सुजवतात."

"मग थांबवा ना त्यांना."

"पुष्कळ औषधं करून पाहिली लोकांनी. खात्रीचं एकही नाही."

"आणि रक्त सोडलंच नसतं तर?"

"तर उरलेलं आतडंही मेलं असतं. आणि त्यासोबत तुमचे यजमानही गेले असते."

ती त्याच्या सुजलेल्या बोटांवरचा रंग ओल्या कापसाने पुसत राहिली. रंग निघाला नाही.

पेंटर त्याच आठवड्यात गेला. भेटायला आलेली जाऊ म्हणाली, "गोळ्या घेतल्या असत्या तर..."

"ताई, नको," बायको म्हणाली.

पण घरात एकटी पडली की बायको ते वाक्य आपणच पुरं करी, दर वेळी निराळं.