मोटर ऑटोवर आहे

"युनूसभाई, एसी गार हवा देईना झालाय. पण तुमचा मीटर मस्त आहे. अट्ठावन्न दाखवतोय."

हेमंतचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात माझ्या गॅरेजचं शटर नुकतंच वर केलं होतं. इंजिन फार तापलं की गाडी आधी एसीच तोडते, हे मला माहीत होतं. मे महिन्यात, हायवेवर, चालत्या इंजिनातलं पाणी नव्वदच्या आसपास असायला हवं. अट्ठावन्न ही चांगली बातमी नव्हती. ताप चढताना माणसाचे हातपाय गार पडतात, तसला तो आकडा होता.

"गाडी बाजूला घे. इंजिन बंद कर."

"अहो, पण मीटर..."

"मीटर गेला खड्ड्यात. लाल दिवा पेटलाय का?"

चाकांखाली खडी वाजली. मग हेमंत हळूच म्हणाला, "आत्ता पेटला."

हेमंतचं धुळ्यात ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. गाव मुकटीच्या बाजूला. रोजचं येणं-जाणं, शिवाय आठवड्यातून दोनदा जळगाव. या कामाला कुणीही शहाणा माणूस साधी डिझेल गाडी घेईल. हेमंतनं टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली आणि वर तिची ताकद वाढवून आणली. दिसायला लहान, पळायला वाघ. पण आमच्याकडच्या उन्हात वाघालाही धाप लागते. पारोळा रोडच्या ट्रॅफिकमध्ये ती गरम व्हायची. त्याचं कारण सोपं आहे. गाडीतला नेहमीचा पाण्याचा पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो. इंजिन हळू तर पंप हळू. आणि इंजिन बंद तर पंपही बंद, मग टर्बो आतल्या आत भाजत राहतो.

त्यावर उपाय म्हणजे विजेवर चालणारा पंप. इंजिन काहीही करो, पाणी किती फिरवायचं ते हा पंप तापमान बघून ठरवतो. चावी काढली तरी दोन-तीन मिनिटं फिरतो, इंजिन निववतो आणि आपला आपण थांबतो. मी तो आदल्या दिवशी बसवून दिला होता. जुन्या पंपाचा पंखा काढून टाकला, कंट्रोलर बसवला, बॅटरीपासून वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज दिला. डॅशबोर्डवर जादा मीटर लावला. त्याचा सेन्सर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपात. पाणी फिरलं तर तो इंजिनचा ताप सांगतो. फिरलंच नाही, तर स्वतःभोवती साचलेल्या पाण्याचा ताप सांगत बसतो. तेच अट्ठावन्न हेमंतला मस्त वाटत होतं.

म्हणजे पंप थांबला होता. माझा पंप. बसवून चोवीस तास झाले नव्हते.

त्यात हेमंतचे वडील. नाना या गाडीच्या विरोधातच होते. गाडी निळी असूनही तिला पांढरा हत्ती म्हणायचे. माझ्या गॅरेजमध्ये उभं राहून त्यांनी हेमंतला बजावलं होतं की एकदा जरी ही रस्त्यात बसली तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघीन. हेमंतनं माझ्याकडे बघितलं आणि मग "कबूल" म्हणाला. हे सगळं मला फोनवर उभ्या उभ्या आठवत होतं.

"कुठं आहेस?"

"फागण्याच्या अलीकडे. नाना पण आहेत सोबत, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. युनूसभाई, बोनेटमधून वाफ निघतेय." आणि मग एकदम वेगळ्या आवाजात, "नाना, काय करताय?"

मागून नानांचा आवाज ऐकू आला. "अरे तापेल शे ती. पानी टाकू दे."

"हेमंत, नानांना थांबव," मी म्हणालो. "झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडलं तर हेड तडकेल. तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे. आपल्या नशिबात असेल तर अजून वाकलेला नसेल."

हेड म्हणजे इंजिनचं डोकं, वरचा भाग. तो केसभर जरी वाकला तरी खालचं गॅस्केट सील धरत नाही. मग गाडी विकायलाही धड राहत नाही.

फोनवर झटापट ऐकू येत होती. बाप-लेक पाण्याच्या कॅनसाठी भांडत होते. शेवटी हेमंत धापा टाकत म्हणाला, "कॅन घेतली काढून."

मी टोचनची दोरी, कूलंट आणि टूलबॉक्स ओमनीत टाकला आणि निघालो. वाटभर स्वतःच्या कामाची उजळणी करत होतो. रिले? नवा. अर्थिंग? दोनदा तपासलं. कनेक्टर? दाबून लॉक केला होता. राग येत होता आणि भीतीही वाटत होती. चूक सापडत नव्हती, आणि न सापडणारी चूक मला सापडलेल्या चुकीपेक्षा जास्त छळते.

गाडी बाभळीच्या सावलीत ढकलून ठेवली होती. हेमंतचा चेहरा उतरलेला. नाना रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेले, कॅन हिसकावून घेतल्याचा राग तोंडावर दिसत होता.

"काय मिस्तरी," ते म्हणाले, "एक दिनबी नही चालनी."

मी सरळ गाडीकडे वळलो. बोनेट उघडलं, हात लांब ठेवून निवायची वाट बघितली. मग बॅटरीपासून वायर धरत धरत गेलो आणि फ्यूजच्या होल्डरशी थांबलो. होल्डर उघडा होता. फ्यूज जळालेला नव्हता. फ्यूजच नव्हता.

"याला कुणी हात लावला?"

हेमंतनं नाही म्हणून मान हलवली. नानांनी मात्र शांतपणे बंडीच्या खिशातून रुमाल काढला. गाठ सोडली. आत माझा फ्यूज.

"मीच काढी लिधा. सांभाळी ठेयेल शे."

"नाना, कशाला पण?" हेमंत जवळजवळ ओरडला.

"कशाला काय? रातले तू गाडी लायी आनि चालना गया हळदले. आठे मोटर सुरूच. चाबी नही, मानूस नही आनि मोटर घूं घूं करी रायनी. कोरडी मोटर जळी जास, तुले माहीत नही?"

हेमंत कपाळाला हात लावून म्हणाला, "मी जाताना तुम्हाला सांगितलं होतं ना? मोटर ऑटोवर शे, सुरू राहिली तरी हात लावू नका, आपली आपण बंद होईल."

"ते तू विहीरनी मोटरनं सांगं."

मी मान वर केली. हेमंतचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

खेड्यात मोटर म्हणजे विहिरीवरची. दुसरी मोटर नसते. आणि ऑटो म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्टार्टरवरचा स्विच. सुरू करतो, बंद मात्र करत नाही. विहिरीचं पाणी तळाला लागलं की नाना रोज स्वतः जाऊन मोटर बंद करायचे. ठिबकवाल्या पोरानं "आपली आपण बंद होईल" म्हटल्यावर त्यांना वाटलं, विहिरीवर काहीतरी नवीन बसवलंय. मी स्वतः माझ्या वडिलांच्या दुकानात शेतीच्या मोटरी रिवाइंड करून हात काळे केले आहेत. जळालेल्या वाइंडिंगचा वास मला अजून ओळखता येतो. तेव्हा नानांवर चिडायचं म्हटलं तरी जमेना. बेवारशी फिरणारी मोटर त्यांनी बघितली आणि वाचवली.

फ्यूज बसवला. घूं घूं सुरू झालं. पण इंजिन चालू करून बघायची माझी हिंमत नव्हती. टोचन लावून गाडी धुळ्याला आणली.

गॅरेजमध्ये ऑइलची काडी बघितली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी ऑइलात गेलेलं नाही. कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवलं आणि हेमंतला स्टार्ट करायला सांगितलं. गॅस्केट गेलं असेल तर इंजिनमधला गॅस पाण्यात येतो आणि बुडबुडे थांबत नाहीत. इतकी साधी परीक्षा.

बुडबुडे आले. भरपूर आले.

हेमंतनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. नाना माझ्या शेजारी वाकून पाण्यात बघत होते. डोळ्यांच्या डॉक्टरचं आता कुणाच्याच लक्षात नव्हतं. पाइपात अडकलेली हवाही अशीच निघते. फरक एवढाच की ती संपते. हेमंतही उतरून आला आणि आम्ही तिघं त्या झाकणाच्या भोकाकडे बघत राहिलो. बुडबुडे विरळ झाले. मग एखाददुसरा. मग पाणी नुसतं फिरत राहिलं.

"वाचली," मी म्हणालो आणि झाकण लावलं.

मीटरवर हळूहळू आकडा चढत नव्वदला आला. मी थर्मोमीटर लावून पडताळून बघितला. मग हेमंतनं चावी काढली. इंजिन थांबलं, पंप फिरत राहिला. नाना बोनेटवर हात ठेवून उभे. आवाज बंद झाला तेव्हा त्यांनी हात काढला.

"आपली आपण बंद व्हयनी," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारच्या शेतातला गडी होता. सकाळी लाइट आल्यापासून नानांची मोटर चालूच होती, विहीर कोरडी पडली होती आणि आता स्टार्टरजवळ जळका वास येत होता. नाना दोनदा "हा, हा" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. हेमंतनं जीभ आवरली, हे त्याचं मोठेपण. मला अवघड गेलं.

गाडी रस्त्यात बसली होती आणि कबुलीप्रमाणे नाना गिऱ्हाईक बघू शकत होते. त्यांनी निळ्या बोनेटवर पुन्हा हात ठेवला.

"मिस्तरी," ते म्हणाले, "अशी बंद व्हनारी मन्ही विहीरवर एक बठाडी दे."

बसवून दिली. जळालेली मोटरही मीच रिवाइंड केली. गाडी अजून हेमंतकडेच आहे. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढं मी दोन गोष्टी बदलल्या. फ्यूज निघाला तर बोंबलणारा बझर वेगळ्या वायरवर लावतो. आणि गाडी देताना मालकासोबत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही बोलावतो, चावी काढतो आणि तो आवाज थांबेपर्यंत त्याला ऐकवतो. मोटर हा शब्द मात्र गॅरेजमध्ये कुणाला काढू देत नाही.