काचेच्या म्युझियममधल्या अकरा चुका

पाटी वाचायला कुणी वाकलं, की ते मधे हात घालत. "पाटी काय वाचताय? मला विचारा ना!" आणि गाडीच्या किल्लीने समोरच्या काचेच्या पेटीवर टकटक करत. गार्ड धावत येई. त्याला ते मराठीतच सांगत, "काही नाही, काही नाही. बसा तुम्ही."

असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. हे एडिसन गावात आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहत. साठीचे, रिटायर झालेले. अमेरिकेत पंचवीस वर्षं काढली म्हणजे जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायचा अधिकार मिळाला, अशी त्यांची समजूत. पूल कधी बांधला, पाव का फुगतो, ट्रेन का थांबली, उत्तर तयार. त्यातलं एखादं बरोबर निघाल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्याकडे आठ सीटांची व्हॅन होती. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांपैकी सात जणांना ते दर बुधवारी फिरवून आणत. त्या सातांत माझे वडील होते. आम्ही दोघं ऑफिसात, मुलं शाळेत, बाहेर चालायला धड फुटपाथ नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस बाबा खिडकीतून पार्किंग लॉट बघत. बुधवारी मात्र सातलाच बूट घालून तयार. व्हॅन निघायची नऊला.

त्या वर्षी दीड तासावर एक छोटं म्युझियम उघडलं होतं. आजच्या चिनी कलाकारांचं काचकाम. गाइडना, म्हणजे याच गृहस्थांना, ते फार आवडलं. सलग तीन बुधवार तिथेच. बाबा घरी येऊन जे सांगत, ते ऐकून मला संशय यायला लागला. चौथ्या वेळी एक काकू पुण्याला परत गेल्यामुळे सीट रिकामी होती. मी सुट्टी घेतली आणि बरोबर गेलो.

दोन दालनं, चौतीस वस्तू. मी पाट्या वाचत होतो आणि कानाने गाइडना ऐकत होतो. हिरव्या काचेचा कोबी होता. "अस्सल जेड!" पाटीवर मात्र जेडचा मौल्यवान दगड नव्हे, रंगीत काच. भाताचे वाडगे होते. "हजार वर्षांपूर्वीचे, राजाच्या पंगतीतले." पाटीवर दोन वर्षांपूर्वीचे, आणि कलाकार हयात.

शेवटी काचेची उशी होती. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा मधे डोक्याचा खळगा, आणि आत बारीक बुडबुडे.

"हे बघा," गाइडचा आवाज खाली आला. "फुंकणाऱ्याचा श्वास आहे हा. माणूस जाईल, श्वास इथेच."

बाबा हात मागे बांधून कितीतरी वेळ उभे राहिले.

मी पाटी वाचून दाखवली. मेणाची उशी करून तिच्याभोवती साचा घालतात, मेण वितळवून काढतात आणि साच्यातच भट्टीत काच वितळवतात. यात फुंकतच नाहीत.

"तेच सांगतोय मी," गाइड म्हणाले.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधायच्या, नंबर द्यायचे, प्रत्येक चूक किती गंभीर ते लिहायचं आणि सगळ्या टीमला पाठवायचं. ऑफिसात त्याचं कुणाला काही वाटत नाही. घरी येऊन मी तेच केलं. अकरा चुका, चार रकाने. बुधवारच्या सगळ्या घरांना ई-मेल केली आणि गाइडनाही. एकाने उत्तर दिलं, "यार, प्रिंट काढून व्हॅनमध्ये लावा!"

पुढच्या बुधवारी बाबा सातला बूट घालून बसले. दहा वाजले तरी व्हॅन जागची हलली नाही. फोन केला तर, "गाडीचं काम निघालंय." त्यानंतरच्या बुधवारी, "कंबर धरलीय." तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता तुम्हीच नेत जा की. तुम्ही नीट वाचता."

महिन्याभरात ते टेक्ससला मुलीकडे निघून गेले. समोर व्हॅनच्या जागी तेलाचा डाग राहिला.

बाबांना मी म्हणालो, "पण तो माणूस थापा मारत होता!"

"पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. मला थापा कळत नाहीत?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तो गप्प बसला असता. गप्प बसायला घर आहेच की."

बाबा परत जायच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना त्या म्युझियममध्ये नेलं. प्रत्येक पाटी नीट मराठीत करून सांगितली. तिसऱ्या पाटीला त्यांनी जांभई दिली. नवव्या पाटीपासून ते बाकावर बसले. उशीपाशी मात्र उठून आले.

"इथे तो नेमकं काय म्हणायचा रे?"

खिशात यादीचा कागद होता. पडताळून बघायला आणला होता. मी उघडला. "अकरा नंबर. बुडबुड्यांत फुंकणाऱ्याचा श्वास असून, माणूस गेला तरी श्वास राहतो, असे विधान. प्रत्यक्षात..."

"प्रत्यक्षात राहू दे," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून वाच."

माझं मत आजही बदललेलं नाही. अकराच्या अकरा चुकाच होत्या. पण आम्ही मागे फिरलो, कोबीपाशी जाऊन उभे राहिलो, आणि मी एक नंबर वाचला.

"अस्सल जेड."

"किल्ली वाजव," बाबा म्हणाले.